चोवीस एमएमचा मुलूख

निसर्गाचे फोटो काढायला लागलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो रुंद लेन्स घेण्याचा, आणि पाठोपाठ दुसरा मिळतो की घ्यायचीच तर जमेल तेवढी रुंद घे. सोळा एमएम घे, परवडली तर चौदा घे. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण तो सल्ला कुठल्या जमिनीवर उभे राहून तयार झाला, हे विचारायचे राहून जाते. हिमालयाच्या एखाद्या खोऱ्यात, नॉर्वेच्या समुद्रफाट्यांत किंवा आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभ्या असलेल्या फोटोग्राफरला समोरचे दृश्य चौकटीत मावत नाही. त्याची अडचण खरी आहे आणि रुंद लेन्स हे तिचे खरे उत्तर आहे. बीड जिल्ह्यात अडचण नेमकी उलट बाजूने येते. मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर यावे, पाटोद्याकडे वळावे, आणि रस्त्याच्या कडेला थांबून पाहावे. समोर जे पसरलेले असते ते आडवे अफाट आहे, पण उभे फारच थोडे आहे. ते कुठल्याही लेन्समध्ये मावते. मावल्यानंतर चौकटीत पाहण्यासारखे काय उरते, हा इथला प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की या जिल्ह्याच्या भूदृश्यासाठी मुख्य लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ एमएमच्या आसपासची असावी. त्याहून रुंद लेन्स लागते ती मोजक्याच जागी, आणि त्या जागा नावानिशी सांगता येतात.

आधी जमीन पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि थिजले. ते थर जवळजवळ आडवे आहेत, म्हणून त्यांतून कोरले गेलेले डोंगरही सपाट माथ्याचे आहेत. बीड शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर आहे आणि बालाघाटाचा माथा बहुतेक ठिकाणी ६०० ते ८०० मीटरच्या दरम्यान. म्हणजे पायथ्यापासून मोजले तर डोंगर शंभर-दोनशे मीटर उठतो, आणि मग एखाद्याने रंधा फिरवावा तसा सपाट होतो. आता साधे गणित करू. शंभर मीटर उंचीचा डोंगर तीन किलोमीटरवर आहे. १६ एमएमच्या लेन्समधून फुल फ्रेम सेन्सरवर त्याची उंची पडते अर्धा मिलिमीटर. सेन्सर २४ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे डोंगराने चौकटीचे जेमतेम दोन टक्के व्यापले. या अंकाच्या पानावर तो फोटो दहा सेंटिमीटर उंच छापला तर अख्खा बालाघाट दोन मिलिमीटरची रेघ होऊन बसेल. २४ एमएमने तीच रेघ तीन मिलिमीटरच्या वर जाते, ५० एमएमने सात होते, ८५ एमएमने बारा. आणि कोकणातून दिसणारी सह्याद्रीची हजार मीटरची भिंत तेवढ्याच अंतरावरून १६ एमएमने टिपली, तर ती चौकटीचा पाचवा हिस्सा भरून उभी राहते. एकाच लेन्सने एका मुलखात पर्वत दिसतो आणि दुसऱ्या मुलखात रेघ. सल्ला तोच ठेवून मुलूख बदलला की असे होते.

यावर कोणी म्हणेल की मराठवाड्याचे मोठेपण उंचीत नाहीच, मोकळेपणात आहे, आणि मोकळेपणा दाखवायला रुंद लेन्सच हवी. हा आक्षेप वजनदार आहे. इथल्या माळावर उभे राहिलेल्या कोणालाही तो पटेल. चौदा एमएमची लेन्स आडव्या अंगाने १०४ अंश पाहते, २४ एमएमची ७४ अंश, ३५ एमएमची ५४. पण कागदावर मोकळेपणा अंशांनी जाणवत नाही. डोळ्याला ओळखीचे काहीतरी सापडावे लागते, त्याची खरी उंची मनात असावी लागते, आणि मग त्याच्या मानाने भोवतीची जमीन केवढी हे उमगते. माळावरची एकटी बाभूळ, कडब्याची गंजी, बांधावरून चाललेला माणूस ही इथली मापे आहेत. पन्नास मीटरवरचा माणूस १४ एमएमने चौकटीच्या उंचीच्या दोन टक्के येतो. तेवढ्यात तो माणूस आहे की खुंट, हेच कळत नाही. ३५ एमएमने तो पाच टक्के होतो. त्याची चाल, डोक्यावरचा भारा दिसू लागतो, आणि मग त्याच्या मागचा माळ एकाएकी प्रचंड वाटतो. मोकळेपणा दाखवायचा म्हणून लेन्स रुंद करत गेलो की त्या मोकळेपणाचे मापच पुसले जाते.

इथे एक जुना गैरसमज दूर करायला हवा, कारण लेन्सची निवड त्याच्यावरच अडते. रुंद लेन्स जवळच्या वस्तू मोठ्या आणि दूरच्या लहान करते, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. जवळच्या आणि दूरच्या वस्तूचे परस्परांशी प्रमाण फक्त एका गोष्टीवर ठरते: तुम्ही कुठे उभे आहात. लेन्स बदलून तिथेच उभे राहिलात तर ते प्रमाण तसूभरही बदलत नाही, फक्त चौकटीची कड पुढेमागे होते. रुंद लेन्सचा खरा गुण एवढाच की तिच्यामुळे एखाद्या वस्तूच्या अगदी जवळ जाऊनही मागचे जग चौकटीत राहते. म्हणजे दूरचे सामावून घेणे हे तिचे मुख्य काम नव्हे. ती जवळच्या वस्तूसाठी आहे. म्हणून लेन्स किती रुंद हवी हे ठरवण्याआधी पायाशी काय आहे ते पाहिले पाहिजे.

बालाघाटाच्या माळावर पायाशी काय असते ते महिन्यामहिन्याला बदलते, आणि त्याचा शोध घेणे हा या कामातला सर्वात आनंदाचा भाग आहे. आषाढात पहिल्या पावसानंतर मुरमाड जमिनीवर पोपटी लव येते. सप्टेंबरात बाजरीची कणसे भरतात, माळावर तरवडाची पिवळी फुले असतात, आणि डोंगरउतारांवर सीताफळाच्या झुडपांना फळे धरतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याच्या झाडाकडे भूदृश्याचा विषय म्हणून क्वचितच कोणी पाहिले असेल. दिवाळीच्या सुमाराला कुसळी गवत पिकते आणि संध्याकाळच्या उन्हात अख्खा माळ तांबूस सोनेरी होतो. ही सगळी गुडघ्याएवढी, कमरेएवढी दुनिया आहे. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला, २४ एमएमची लेन्स एफ ११ ला ठेवली आणि पावणेदोन मीटरच्या किंचित पुढे फोकस केला, तर साधारण नव्वद सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. १६ एमएमने तेच अंतर चाळीस सेंटिमीटरपर्यंत खाली येते. फरक आहे, पण कुसळीच्या तुऱ्यासाठी किंवा तरवडाच्या फांदीसाठी नव्वद सेंटिमीटर पुरतात. चाळीस सेंटिमीटरपर्यंत जायचे ते एखादा दगड, एखादे फूल किंवा जमिनीतली एक भेग चौकटीवर राज्य करायला बसवायची असेल तेव्हा.

भेग म्हटल्यावर थांबायलाच हवे. बीडचे नाव घेताच जो फोटो डोळ्यांपुढे येतो तो हाच: पुढे तडकलेली जमीन, भेगा थेट अंगावर येणाऱ्या, आणि दूर क्षितिजाशी एक माणूस. हा फोटो अतिरुंद लेन्सनेच घेतलेला असतो, कारण दुसऱ्या लेन्सने तो येतच नाही. त्याचे गणित असे. पाच सेंटिमीटर रुंदीची भेग कॅमेऱ्यापासून अर्ध्या मीटरवर असेल आणि पावणेसहा फूट उंचीचा माणूस पन्नास मीटरवर, तर फोटोत ती भेग माणसाच्या उंचीच्या तिप्पट रुंद दिसते. कॅमेरा एक मीटर मागे नेला की दोघे बरोबरीचे होतात. म्हणजे माणूस किती क्षुद्र दिसावा हे दुष्काळाने ठरवलेले नसते, तिपाईच्या जागेने ठरवलेले असते. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की काळी माती दर उन्हाळ्यात भेगाळते. पाणी मिळाले की फुगणारी आणि सुकली की आकसणारी चिकणमाती तिच्यात भरपूर असते. उत्तम पाऊस झालेल्या वर्षीही एप्रिल-मेमध्ये गोदाकाठच्या गंगथडीत हातभर खोल भेगा दिसतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाने जमीन पुन्हा फुगते, खालची माती वर येते. ही जमीन आपली नांगरट आपणच करते, असे कृषिशास्त्रात म्हटले जाते. शेतकऱ्याला ती भेग भयाची वाटत नाही. तलावाच्या तळातला गाळ सुकून पडणारे तडे वेगळे, ते पाणी गेल्याची खूण असतात. पण फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, आणि दोन्हींना एकच मथळा मिळतो.

याचा अर्थ बीडची कोरड खोटी आहे असा मुळीच नाही. १९७२ चा दुष्काळ, २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ ही वर्षे या जिल्ह्याने सोसली आहेत. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण आटले म्हणून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मांजरा नदी पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते; म्हणजे त्या आगगाडीची गोष्ट याच माळावर सुरू झाली होती. पण त्या टंचाईचा पुरावा टँकरपुढच्या हंड्यांच्या रांगेत होता, चारा छावणीतल्या जनावरांच्या फासळ्यांत होता, उन्हाने पांढरी पडलेली धरणाची भिंत आणि तिच्यावर पाण्याने सोडलेल्या जुन्या रेषांत होता. हे सगळे २८ किंवा ३५ एमएमचे विषय आहेत. मधल्या अंतरावरचे, माणसाच्या उंचीचे. अतिरुंद लेन्स हातात असली की नजर मधले अंतर सोडून देते. पायाशी भेग आणि क्षितिजाशी माणूस, आणि मधे जिथे गाव राहते तो पट्टा कागदावर चिमटून जातो. म्हणून या मुलखात लेन्सची निवड ही नुसत्या आवडीनिवडीची बाब आहे असे मला वाटत नाही. कोणत्या अंतरावरचे जग खरे मानायचे, हे ती ठरवते.

आता क्षितिजाकडे वळू, कारण लेन्सच्या दर्जाचा खरा कस तिथे लागतो. रुंद लेन्समध्ये सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगण्याचा दोष कमीजास्त असतोच. हिमशिखरांच्या दातेरी रेषेत तो लपून जातो. शिखर तिथे थोडे वाकले तर कोणाला कळणार? बालाघाटाचा सपाट माथा आणि गोदावरीच्या खोऱ्याचे क्षितिज म्हणजे फोटोवर ठेवलेली पट्टी आहे. क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्यातून गेले तर सरळ राहते, पण आभाळाला किंवा जमिनीला जास्त जागा द्यायची म्हणून ते वर-खाली सरकवले की वाकू लागते. आणि या मुलखात ते सरकवावेच लागते. साधा एकसारखा फुगवटा सॉफ्टवेअरने सहज निघतो. मिशीसारखा मधे खाली आणि कडेला वर वळणारा दोष मात्र हट्टी असतो. अलीकडच्या अनेक हलक्या आणि स्वस्त लेन्समध्ये हा दोष काचेने न काढता कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरवर सोपवलेला असतो. तसे करण्यात गैर काही नाही, पण कोपरे ताणले जातात आणि तिथला बारीक तपशील विरतो. म्हणून इथल्या फोटोग्राफरने लेन्स विकत घेण्याआधी मध्यभागाची तीक्ष्णता तपासण्यात वेळ घालवू नये. मोकळ्या माळावर जावे, क्षितिज चौकटीच्या वरच्या पाचव्या हिश्शात ठेवावे, एक फोटो घ्यावा आणि पडद्यावर त्या रेषेला कागदाची कड लावून पाहावी.

तोच ताण माणसांनाही बसतो. सरळ रेषा सरळ ठेवायची तर कडेच्या गोल वस्तू लांबट होणे भूमितीला अटळ आहे. त्यात लेन्सचा दोष नाही, कितीही महाग लेन्स घेतली तरी ते होणारच. १४ एमएमच्या चौकटीत डाव्या-उजव्या कडेला आलेला गोल चेहरा सुमारे १.६ पट रुंद होतो, २४ एमएमने सव्वापट, ३५ एमएमने जेमतेम १.१ पट. निर्मनुष्य रानात याचे काही बिघडत नाही. बीडचे भूदृश्य निर्मनुष्य नसते. शेत, पाणंद, गायरान, मेंढ्यांचा कळप, दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांच्या वाटेला लागलेले ऊसतोड कामगारांचे तांडे, हे सगळे त्या जमिनीचे भाग आहेत. त्यांच्यातला कोणी चौकटीच्या कडेला आला आणि त्याचा चेहरा ताणला गेला, तर तो त्याचा फोटो उरत नाही. पवनचक्क्यांचेही तसेच. पाटोदा आणि केजच्या माथ्यांवर त्या आता क्षितिजाचा भाग झाल्या आहेत. अतिरुंद लेन्सने मधल्या चक्क्या काडीएवढ्या होतात आणि कॅमेरा थोडा वर उचललेला असेल तर कडेच्या आत झुकतात.

रुंद लेन्स घेतली की निम्मी चौकट आभाळाची होते, हाही हिशेब वर्षाच्या कॅलेंडरवर मांडून पाहावा. जून ते ऑक्टोबर इथले आभाळ ढगांच्या थरांनी, परतीच्या पावसाच्या उंच मनोऱ्यांनी भरलेले असते. त्या दिवसांत वीस एमएमदेखील कमी वाटू शकते, आणि तो मोह रास्त आहे. डिसेंबर-जानेवारीत आभाळ स्वच्छ निळे, पण रिकामे. मार्चपासून ते धुळीने पांढुरके होते. रिकामी निळाई गडद करायला पोलरायझर लावावा तर रुंद लेन्स तिथेही अडवते. पोलरायझरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात सर्वाधिक असतो. १६ एमएमच्या चौकटीत ९७ अंशांचे आभाळ येते, त्यामुळे मधे गडद डाग आणि दोन्ही बाजूंना फिके निळे, असे विचित्र आभाळ मिळते. म्हणजे वर्षातले जवळजवळ सात महिने अतिरुंद लेन्सला वरच्या अर्ध्या चौकटीत काम नाही.

व्यवहारी माणूस इथे विचारील की एवढी चर्चा कशाला, १४ ते ३० एमएमची झूम घ्यावी आणि हवे ते वापरावे. किंवा १४ एमएमनेच घ्यावे आणि घरी जाऊन कापावे. कापण्याचे आधी बोलू. १४ एमएमचा फोटो कापून २४ एमएमचा केला तर मूळ चौकटीचा ३४ टक्के भाग उरतो. २४ मेगापिक्सेलचे आठ होतात. ३५ एमएमपर्यंत कापले तर चारही राहत नाहीत. मोठ्या छपाईचे स्वप्न तिथेच संपते. झूमविषयीचा आक्षेप जास्त खरा आहे. अशी झूम वाईट नाही, आणि ज्याच्याकडे ती आहे त्याने ती विकण्याचे कारण नाही. पण ज्याला एकच लेन्स घ्यायची आहे त्याने १४-३० पेक्षा २४-७० किंवा २४-१०५ सारखी झूम घ्यावी, असे मी म्हणेन, कारण वर मांडलेले सगळे विषय चोवीसच्या वरच्या बाजूला आहेत, खालच्या नव्हे. बीडचे कंकालेश्वर मंदिर घ्या. ते तळ्याच्या मधोमध आहे. पाण्यासकट पूर्ण देऊळ टिपायचे तर काठावरच उभे राहावे लागते, म्हणजे उभे राहायची जागा तळ्यानेच ठरवून दिली आहे. तिथे १६ एमएमने पाणीच पाणी आणि मधे ठिपक्याएवढे देऊळ येते. ३५ ते ५० एमएमने देवळाची पायरी-पायरी आणि पाण्यातले प्रतिबिंब येते. राक्षसभुवनला गोदावरीच्या काठावरही तेच. १७६३ मध्ये थोरल्या माधवरावांनी निजामाला जिथे हरवले तो हा सपाट नदीकाठ. पात्राची रुंदी दाखवायची तर ५० एमएमने उभ्या चौकटीचे पाच-सहा फोटो ओळीने घेऊन जोडलेले बरे. जोडफोटोचा तोटा वाऱ्याच्या दिवशी कळतो, ज्वारीचे हलते ताट दोन फोटोंत दोन जागी येते. पण नदी, डोंगर आणि कापणीनंतरचे रान वाऱ्याने हलत नाही.

मोबाइलचा आक्षेप सर्वात नवा आहे आणि सर्वात लोकशाहीवादी. आजच्या अनेक मोबाइलमध्ये मुख्य कॅमेरा २४ ते २६ एमएमच्या तोडीचा आणि सोबत १३ एमएमच्या आसपासचा अतिरुंद कॅमेरा असतो. खिशात हे असताना लेन्स कशाला? माझ्या मते मोबाइल हा या वादातला माझाच साक्षीदार आहे. फोन बनवणाऱ्यांनी रोजच्या पाहण्यासाठी जो कॅमेरा मुख्य केला, मोठा सेन्सर आणि चांगली काच ज्याला दिली, तो चोवीसच्याच आसपासचा आहे. ज्याला लेन्स घ्यायची आहे त्याने आधी महिनाभर फोनच्या त्या दोन कॅमेऱ्यांनी माळावर फोटो काढावेत आणि कोणत्या कॅमेऱ्याचे फोटो ठेवावेसे वाटतात ते मोजावे. पैसे खर्च करण्याआधी याहून स्वस्त परीक्षा नाही.

अनेक तालुक्यांच्या गावी मोठा कॅमेरा असतो तो लग्नाच्या फोटोग्राफरकडे, आणि त्याच्याकडची १६-३५ एफ २.८ मंडपातल्या अंधारासाठी आणि स्टेजवरच्या गर्दीसाठी घेतलेली असते. भूदृश्यासाठी ते जादा उजेड ओढणे बहुतेक वाया जाते, कारण तिपाईवर एफ ८ ते एफ ११ लाच काम चालते; एफ ४ ची लेन्स हलकी आणि स्वस्त पडते. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स १८ एमएमला फुल फ्रेमच्या २७ किंवा २९ एमएमएवढे पाहते, म्हणजे चोवीसच्या बरीच जवळ. तिने वर्षभर काम केल्याशिवाय दुसरी घेऊ नये. घ्यायचीच झाली तर कॅनॉनची २०१४ मध्ये आलेली १०-१८ एमएम फक्त २४० ग्रॅमची आहे. पूर्वी रुंद लेन्स जड का असत, त्याचेही कारण आहे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागे. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते अंतर ४६.५ मिलिमीटर. त्याहून कमी फोकल लेंथची लेन्स तेवढ्या लांबून प्रतिमा पाडायला उलट्या दुर्बिणीसारखी रचावी लागते. आंजेन्यू या फ्रेंच कंपनीने १९५० मध्ये ती रचना स्थिर कॅमेऱ्यांसाठी बाजारात आणली. आरसा गेला आणि झेड माउंटमध्ये ते अंतर १६ मिलिमीटरवर आले. निकॉनची २००७ ची १४-२४ सुमारे एक किलोची होती, पुढची काच फुगलेली, तिला साधा फिल्टर लागतच नसे; २०१९ ची १४-३० एफ ४ ४८५ ग्रॅमची आहे आणि ८२ मिलिमीटरचा फिल्टर घेते. बीडच्या धुळीत पुढच्या काचेवर फिल्टर लावता येणे ही चैन नाही. मुरमाच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला की तो का हवा ते कळते.

तारांकित रात्रीसाठी अतिरुंद लेन्सच हवी, हाही समज तपासावा. बीडच्या अक्षांशावरून आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला साधारण ४२ अंशांपर्यंत चढतो. २४ एमएमची उभी चौकट ७४ अंश पाहते, म्हणजे क्षितिजापासून गाभ्याच्या बऱ्याच वरपर्यंत. १६ एमएमने तारे रेघा न होता साधारण ३० सेकंद शटर उघडे ठेवता येते, २४ एमएमने २० सेकंद. पण एफ १.८ ची २४ एमएम एफ २.८ च्या १६ एमएमपेक्षा तो तोटा भरून काढून वर उरते. अख्खी कमान एका चौकटीत हवी असेल तर मात्र सोळाला पर्याय नाही.

आणि मग त्या जागा, जिथे चोवीस हरते. त्या सगळ्या जमिनीच्या आत आहेत. बीडच्या दक्षिणेला सोलापूर रस्त्याजवळची खजाना बावडी, निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली, भुयारी कालव्यांनी शेतांना पाणी देणारी गोल विहीर. आत उतरल्यावर मागे सरकायला जागा नसते आणि भिंत चहूबाजूंनी वेढते. तिथे १६ एमएमची खरी गरज लागते, आणि विहिरीची गोलाई असल्यामुळे कडेचा ताण खटकत नाही. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी कुंडात पडणारा धबधबा जवळून पाहावा लागतो. तिथेही रुंद लेन्स हवी, पण पुढची काच सपाट आणि पुसता येणारी हवी, कारण तुषार थांबत नाहीत. आणि सर्वांत मोठी जागा पाटोदा तालुक्यातली सौताडा. वरून पाहिले तर विंचरणा नदी पठारावरून एकदम दरीत कोसळताना दिसते, आणि त्या कड्यावरून ३५ एमएम पुरते. दरीत रामेश्वराच्या देवळाकडे उतरल्यावर सगळे बदलते. कडा जेवढा उंच, साधारण तेवढ्याच अंतरावर उभे राहिले तर त्याचा माथा डोळ्यापासून ४५ अंश वर असतो. २४ एमएमची उभी चौकट कॅमेरा पातळीत धरला तर वरच्या बाजूला ३७ अंशांवर संपते. माथा आणायला कॅमेरा वर करावा लागतो आणि दोन्ही बाजूंचे कडे आत कलंडतात. १६ एमएमची चौकट ४८ अंशांपर्यंत जाते. कॅमेरा सरळ राहतो, बसाल्टचे थर आडवे राहतात, पाण्याची धार वरच्या काठापासून पडते, आणि खालच्या अर्ध्या चौकटीत श्रावणातला ओढा, शेवाळलेले दगड आणि देवळाकडे जाणारी ओली वाट येते.